एकटा घोडा का अडतो?

दत्तजयंतीला सारंगखेड्याची यात्रा सुरू होते आणि पुढे बरेच दिवस तापीचा काठ टापांनी दणाणत राहतो. एकमुखी दत्ताच्या दर्शनाला येणारी माणसे एकीकडे, घोडे बघायला येणारी दुसरीकडे, आणि दोन्ही कामे एका फेरीत उरकणारी सर्वांत जास्त. राजस्थानचे मारवाडी, सौराष्ट्राचे काठेवाडी, पंजाबकडचे उंच पांढरे नुकरे, शिवाय आपल्याकडची लहान चणीची काटक तट्टे असा सगळा पसारा एका मैदानात मांडलेला असतो. २०१६ पासून यात्रेला चेतक महोत्सवाची जोड मिळाली आणि मुंबई-पुण्याचे हौशी पाहुणेही येऊ लागले. सारंगखेडा आज नंदुरबार जिल्ह्यात आहे; १९९८ मध्ये तो जिल्हा वेगळा होईपर्यंत ते धुळे जिल्ह्यातच होते. घोड्यांविषयी धुळ्याच्या देवपुरात बोलायचे तर सुरुवात तिथूनच करायला हवी.

त्या मैदानात सौदा होतो तो असा. विकणारा घोड्याला मोकळ्या पट्टीवर घेतो, दोन वेळा भरधाव नेऊन आणतो, रवाल चाल दाखवतो, ताशाच्या तालावर नाचवतो. घेणारा ओठ वर करून दात बघतो आणि वय ठरवतो. कपाळावरचे, छातीवरचे, मानेवरचे भोवरे बघतो. चारही पाय आणि तोंड पांढरे असेल तर पंचकल्याणी म्हणून भाव चढतो. कानांची टोके जुळतात का, उंची किती, शेपूट कशी धरतो, सगळे बघून होते. घोडा दिमाखात चालत असतो, कारण त्याच्या डावीकडे घोडे, उजवीकडे घोडे, समोर घोडे असतात. वाऱ्यावर घोड्यांचा वास असतो आणि दर मिनिटाला कुठून तरी खिंकाळणे ऐकू येत असते.

मग तो ट्रकमध्ये चढतो आणि शिंदखेड्याकडच्या, साक्रीकडच्या, पारोळ्याकडच्या एखाद्या गावात उतरतो. तिथे त्याच्या जातीचे दुसरे कोणी नसते. गोठ्यात दोन बैल, एक म्हैस, आणि दावणीच्या टोकाला हा. चार दिवस सगळे गाव बघायला येते. पाचव्या दिवशी मालक खोगीर चढवतो, मांड ठोकतो आणि शेताकडे निघतो. शेवटचे घर मागे पडते, आणि घोडा थांबतो.

हे थांबणे ज्यांनी अनुभवले आहे त्यांना त्याचे बारकावे वेगळे सांगायला नकोत. मान एकदम उंच होते. कान पुढे जातात, मग एक कान घराच्या दिशेने वळतो. पाठ टणक होते, खोगिराखाली लाकूड असल्यासारखी. टाच मारली की घोडा पुढे जायच्या ऐवजी एक पाऊल मागे टाकतो. आणखी मारली की गर्रकन वळतो, आणि बहुतेक घोडे दर वेळी एकाच बाजूला वळतात. चाबूक बसला की पुढचे पाय उचलतात. शेवटी स्वार थकतो किंवा घाबरतो, घोडा घराकडे तोंड करतो आणि तोच अडलेला घोडा झपाझप दुडक्या चालीने गोठ्यात येऊन उभा राहतो. संध्याकाळी पारावर निकाल लागतो, “भाऊ, घोडं खोडील शे.”

हा निकाल घाईचा आहे. सोबतीत छान चालणारा आणि एकटा निघाला की अडणारा घोडा लबाड, हट्टी किंवा आळशी असतो या समजुतीने खानदेशातच काय, साऱ्या जगात असंख्य घोड्यांनी मार खाल्ला आहे आणि असंख्य स्वारांनी हाडे मोडून घेतली आहेत. अडणाऱ्या घोड्याला काही तरी दुखत असते, कशाची तरी भीती वाटत असते, किंवा अडल्याने सुटका होते हे त्याला माणसानेच शिकवलेले असते. पुष्कळदा या तिन्ही गोष्टी एकत्र असतात. त्या सोडवायला वेळ लागतो. पण त्या सुटतात.

घोडा हा कळपाचा प्राणी आहे असे आपण सहज म्हणतो, पण त्या वाक्याचा त्याच्या शरीरावर कुठवर परिणाम झाला आहे हे बघण्यासारखे आहे. त्याचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना बसलेले असतात, त्यामुळे नाकाच्या अगदी पुढचा आणि शेपटीच्या मागचा छोटा भाग सोडला तर जवळजवळ सगळा परिसर त्याला एकाच वेळी दिसतो. कान स्वतंत्रपणे फिरतात आणि आपल्याला ऐकू न येणारे उंच आवाज टिपतात. झोपसुद्धा तो बरीचशी उभ्यानेच घेतो. गाढ झोपेसाठी मात्र त्याला आडवे व्हावे लागते, आणि तेवढा वेळ कळपातले दुसरे कोणी तरी जागे असावे लागते. एकट्या बांधलेल्या घोड्याची ही झोपही कमी पडू शकते. लक्षावधी वर्षे ज्याच्या जिवाची हमी शेजारच्या घोड्याच्या कानांवर अवलंबून होती, त्याला आपण गावाबाहेर एकट्याने जायला सांगतो. तो थांबतो यापेक्षा तो कधी तरी निघतो, हेच जास्त नवलाचे आहे.

देवपुरातून धुळे शहरात यायचे तर पांझरा ओलांडावी लागते. पुलाच्या तोंडाशी घोडा आणून बघावा. पहिली टाप मातीवरून काँक्रीटवर पडते आणि आवाज बदलतो, पोकळ होतो. पुलाच्या दोन तुकड्यांमधला लोखंडी सांधा आपल्याला एक रेघ दिसतो. घोड्याला ती जमिनीतली काळी फट वाटते. ती किती खोल आहे हे ठरवण्यासाठी त्याला मान खाली घालून, नाक पुढे करून बघावे लागते, कारण दोन्ही डोळ्यांनी मिळून दिसणारा पट्टा त्याच्या नाकाच्या दिशेने खाली झुकलेला आहे. नेमक्या त्याच क्षणी स्वार लगाम आखडतो, म्हणजे त्याला बघूही देत नाही. उन्हातून सावलीत आल्यावर त्याच्या डोळ्यांना सरावायला आपल्यापेक्षा जास्त वेळ लागतो. मोरीखाली, पुलाखाली तो थबकतो त्यामागे हेही एक कारण आहे. शहाद्याकडच्या पपईच्या आणि जळगावकडच्या केळीच्या बागांत वाऱ्याने फडफडणारा मल्चिंगचा कागद, ठिबकच्या नळ्यांची भेंडोळी, साक्री तालुक्यात ब्राह्मणवेलच्या माळावर पवनचक्क्यांच्या पात्यांची जमिनीवरून सरकणारी सावली: खानदेशातल्या घोड्याने आज सोसायच्या गोष्टी त्याच्या पणज्याने पाहिल्यासुद्धा नव्हत्या. सोबतीला दुसरा घोडा असला की तो या सगळ्याकडे शेजाऱ्याच्या नजरेने बघतो. शेजारी शांत, तर आपणही शांत.

डेन्मार्कमधल्या यान्ने विंटर क्रिस्टेन्सन यांच्या संशोधक गटाने २००८ मध्ये प्रसिद्ध केलेला एक प्रयोग या बाबतीत फार उपयोगी आहे. अनोळखी, दचकवणाऱ्या वस्तूची सवय झालेला एक घोडा आणि ती वस्तू कधीच न पाहिलेला दुसरा घोडा, अशा जोड्या त्यांनी लावल्या. शांत सोबती मिळालेले नवखे घोडे कमी बुजले, त्यांच्या हृदयाचे ठोकेही कमी वाढले. महत्त्वाची गोष्ट पुढची आहे. नंतर तेच घोडे एकट्याने त्या वस्तूसमोर आणले, तेव्हाही ते इतरांपेक्षा शांत राहिले. सोबतीत मिळालेला धीर एकटेपणी उपयोगी पडला. पुढच्या सगळ्या शिक्षणाचा पाया इथे आहे.

भीतीच्याही आधी दुखणे तपासायला हवे. आपल्याकडे हे शेवटी तपासतात, किंवा तपासतच नाहीत.

घोड्याचे दात आयुष्यभर वर येत राहतात. वरचा जबडा खालच्यापेक्षा रुंद असल्याने चावताना दाढांच्या कडा धारदार होतात; वरच्या कडा गालाला आणि खालच्या जिभेला टोचतात. लगाम ओढला की गाल त्या कडांवर दाबला जातो. वर्षातून एकदा पशुवैद्याने दाढा कानशीने घासल्या तर हा त्रास राहत नाही. खोगीर दुसऱ्या घोड्याच्या मापाचे असेल, तर खांद्यामागे दोन्ही बाजूंना चिमटा बसतो. उभ्या घोड्यावर ते कळत नाही. चालू लागला की कळते. खोगीर उतरवल्यावर पाठीवरचा घाम बघावा. सगळीकडे सारखा ओला असेल तर ठीक. मध्येच कोरडा ठिपका राहिला असेल तर तिथे दाब जास्त पडतो आहे असे समजावे. नाल सहा ते आठ आठवड्यांनी बदलले जातात का, टाच वाढून खूर पुढे सरकले आहेत का, खडीवर पाऊल चोरते का, हे नालबंदाला विचारावे.

पोटाचे दुखणे तर आपण विचारातच घेत नाही. घोड्याच्या जठरात आम्ल चोवीस तास पाझरत असते, कारण निसर्गाने त्याला दिवसाचे पंधरा-सोळा तास थोडेथोडे चरण्यासाठी घडवले आहे. आपण त्याला सकाळ-संध्याकाळ तोबऱ्यात हरभऱ्याची चंदी देतो आणि मधले तास रिकामे ठेवतो. रिकाम्या पोटी दौडवला की आम्ल जठराच्या वरच्या, असंरक्षित भागावर उसळते आणि तिथे व्रण होतात. शर्यतीच्या घोड्यांत हे व्रण अतिशय मोठ्या प्रमाणावर आढळतात. निघण्याआधी दोन मुठी चंदी देण्यापेक्षा पेंढीभर कडबा किंवा सुके गवत द्यावे. दादर ज्वारीचा कडबा असेल तर उत्तमच.

इंग्लंडमधील पशुवैद्य स्यू डायसन यांनी २०१८ मध्ये स्वारीखालच्या घोड्याच्या वेदनेची २४ लक्षणे मांडली. पुढे जायला नाखुशी, आपसूक थांबणे, मागच्या पायांवर उभे राहणे, कान दीर्घकाळ मागे पाडणे ही त्यांतलीच काही. आठ किंवा अधिक लक्षणे दिसली, तर अंगात कुठे तरी दुखत असण्याची शक्यता मोठी असते असे त्यांचे निरीक्षण आहे. पारावर ज्यांना आपण खोडी म्हणतो त्यांतल्या कितीतरी त्या यादीत आहेत.

काटेरी लगामाविषयी इथे स्पष्ट बोलले पाहिजे. वरातीच्या आणि टांग्याच्या घोड्यांच्या तोंडात खिळ्यांचे, टोकदार कड्यांचे लगाम अजून दिसतात. १९६५ च्या ओझ्याच्या व ओढकामाच्या जनावरांविषयीच्या नियमांनी टोकदार लगामाला मनाई केली आहे. कायदा बाजूला ठेवला तरी हिशेब सरळ आहे. ज्या तोंडात पुढे पाऊल टाकले की खिळा रुततो, ते तोंड पुढे जाणार नाही. असा घोडा विकत घेतला असेल, तर पहिल्या दिवशी तो लगाम फेकून द्यावा आणि जिभेच्या व ओठांच्या जखमा भरेपर्यंत खोगीर खाली ठेवावे.

दुखणे नाही अशी खात्री झाली की मग शिकवण्याचा भाग येतो, आणि इथे स्वाराने स्वतःकडे बघायचे असते.

घोडा टाचेने शिकत नाही. टाच सुटण्याने शिकतो. स्वार दोन्ही पोटऱ्यांनी दाब देतो, घोड्याला तो नकोसा वाटतो, तो काही तरी करून बघतो. ज्या हालचालीनंतर दाब थांबला, ती हालचाल त्याच्या लक्षात राहते. पाऊल पुढे टाकताच दाब सुटला, तर पुढे जाणे शिकला. आता गावाबाहेरचा प्रसंग पुन्हा आठवावा. घोडा थांबला, टाच बसली, तो मागे सरकला, स्वार डळमळला आणि पोटऱ्या सैल झाल्या. घोड्याने नोंद केली की मागे सरकल्यावर दाब थांबतो. पुढे तो वळला, स्वार पडू नये म्हणून आयाळीला बिलगला, टाच थांबली. वळल्यावरही थांबतो. शेवटी घरी गेल्यावर खोगीर उतरले, पाणी मिळाले, चंदी मिळाली. एका सकाळीत माणसाने घोड्याला अडण्याचा आख्खा धडा दिला, तोही बक्षिसासह. दुसऱ्या दिवशी घोडा तोच धडा दहा पावले आधी म्हणून दाखवतो, आणि मालक त्याला लबाड म्हणतो.

आपल्या परंपरेत ही समज नव्हती असे नाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात अश्वाध्यक्षाचे स्वतंत्र प्रकरण आहे. त्यात चालींचे प्रकार सांगताना, केवळ खुणेवरून हालचाल करणे हा शिक्षणाचा एक वेगळा प्रकार म्हणून ‘नारोष्ट्र’ या नावाने नोंदवला आहे. कल्याणीच्या चालुक्य घराण्यातल्या तिसऱ्या सोमेश्वराच्या बाराव्या शतकातल्या ‘मानसोल्लास’ ग्रंथात घोडे आणि घोड्यावरचे खेळ यांना मोठी जागा आहे. ग्रीसमध्ये झेनोफनने इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात घोडेस्वारीवर पुस्तक लिहिले. घोडा एखाद्या वस्तूला बुजला तर त्याला मारून तिच्याजवळ नेऊ नये, हळूहळू न्यावे, असे त्याने बजावले आहे. मारले तर त्या वस्तूबरोबर मारही त्याच्या मनात बसतो, हे त्याला पुरते कळले होते. चाबूकस्वार, म्हणजे घोडे शिकवणारा माणूस, हा मराठी मुलखात एके काळी मानाचा पेशा होता. नावात चाबूक असला तरी चांगल्या चाबूकस्वाराचा चाबूक दिशा दाखवायला असे. तो पेशा गेला आणि चाबूक तेवढा उरला.

मराठ्यांच्या फौजेत सरकारी घोड्यावरचा बारगीर होता, स्वतःच्या घोड्यानिशी चाकरीला येणारा शिलेदार होता आणि कोणत्याही पथकात न मोडणारे एकांडेही होते. एकट्याने दूर जाणारा घोडा त्या काळी मुद्दाम घडवावा लागे, आणि त्याचा स्वार त्याला वर्षानुवर्षे ओळखत असे. भीमा-नीरेच्या खोऱ्यातली भीमथडीची तट्टे याच मुशीतली, कमी चाऱ्यावर लांब पल्ला मारणारी. अलीकडेच या तट्टांची स्वतंत्र जात म्हणून राष्ट्रीय पातळीवर नोंद झाली, ही समाधानाची गोष्ट आहे.

अनोळखी घोडा ऐन वेळी काय करतो याची सर्वांत ठसठशीत मराठी आठवण झाशीच्या राणीची आहे. जून १८५८ मध्ये ग्वाल्हेरजवळच्या लढाईत राणी लक्ष्मीबाईंचा नेहमीचा घोडा सोबत नव्हता, नवा घोडा होता, आणि स्वर्णरेखा नाल्यापाशी तो अडला, असे परंपरेने सांगितले जाते. इतिहासकार तपशिलांवर वाद घालतात आणि त्यांनी तो घालावा. पण घोडा ओळखणाऱ्याला त्या हकिकतीत अशक्य काहीच दिसत नाही. नवा घोडा, त्याला अनोळखी स्वार, सोबतचे घोडे पांगलेले, पुढे पाणी आणि मागे गोळ्यांचा आवाज. इतक्या निष्णात स्वाराच्या बाबतीतही घोड्याशी ओळख नसणे हा फरक जीवघेणा ठरू शकत होता. नाल्याच्या काठावरच्या त्या घोड्याला कोणी बेइमान म्हटले तर ते अन्यायाचे होईल.

मग अडणाऱ्या घोड्याला चालते कसे करायचे? सुरुवात खोगिराशिवाय करावी. मोरखीला लांब दोरी लावून घोड्याला पायी चालवत न्यावे, ज्या वाटेवर तो अडतो त्याच वाटेवर. माणूस त्याच्या खांद्याशी असावा. जमिनीवरचा माणूस घोड्याच्या दृष्टीने एक सोबतीच असतो. पाठीवर बसला की तो दिसेनासा होतो. वाटेत थांबून त्याला गवत चरू द्यावे. गावाबाहेर गेले की काही तरी बरे घडते, हे पोटातून शिकले पाहिजे. जमले तर शेवटच्या घराच्या पलीकडे, बांधावर, दोन पेंढ्या कडबा आधीच ठेवून यावा.

त्याच दिवसांत घरच्या अंगणात किंवा खळ्यावर काव्यावर धरून, म्हणजे लांब दोरीवर गोल फिरवून, ‘चल’ आणि ‘थांब’ पक्के करून घ्यावे. हलक्या दाबाला पाऊल पुढे पडलेच पाहिजे आणि पाऊल पडताक्षणी दाब सुटलाच पाहिजे. हे अंगणात पक्के नसेल तर पुलावर होणार नाही. लोक इथे घाई करतात. अंगणात तीन टाचा मारल्यावर हलणारा घोडा भीतीच्या ठिकाणी तीसला हलणार नाही, हे साधे गणित आहे.

मग सोबत घ्यावी. शेजारच्या गावात कोणाकडे शांत, वयस्क घोडी असेल तर तिच्या मालकाला हात जोडावेत. पहिल्या फेऱ्यांत ती पुढे, आपला घोडा मागे. मग दोघे शेजारी. मग आपला अर्धे अंग पुढे, मग पूर्ण पुढे, मग दहा कदम पुढे, मग वळणावर ती नजरेआड होईपर्यंत पुढे, आणि पुन्हा भेट. दोन वाटा जिथे फुटतात तिथे ती एका बाजूने, हा दुसऱ्या बाजूने जाऊन पुढे एकत्र यावे. हे सगळे एका दिवसात उरकायचे नसते. प्रत्येक पायरी कंटाळवाणी वाटेपर्यंत करायची असते. घोड्याला कंटाळा आला म्हणजे भीती संपली.

एकट्याने काढायची पहिली फेरी तर हास्यास्पद वाटावी इतकी छोटी असावी. घोडा शेवटच्या घरापाशी अडतो ना? मग त्याच्या आधीच्या घरापाशी, तो अजून खुशीत चालत असताना, स्वाराने स्वतः थांबवावे, मानेवर हात फिरवावा आणि स्वतःच्या मर्जीने वळवावे. दुसऱ्या दिवशी चार पावले पुढे. परतायचे कधी हे स्वार ठरवतो आणि पुढे जाणे त्रासाचे नसते, या दोन गोष्टी त्यातून एकदम शिकवल्या जातात. शक्य असेल तिथे त्याच वाटेने उलटे फिरण्यापेक्षा शेतांना वळसा घालून गोल फेरी करावी. गोल फेरीत घराकडे जाण्यासाठी पुढेच जावे लागते. परतताना घोडा कधीही दौडवू नये. घरी आल्यावर लगेच खोगीर उतरवून चंदी लावू नये. अंगणातच पाच-दहा मिनिटे गोल फिरवावे, थोडे काम घ्यावे. विश्रांती बाहेर, काम घरी, असा क्रम उलटवला की घराची ओढ आपोआप कमी होते.

आणि तरीही तो अडला तर? अडणारच आहे. अशा वेळी त्याचे तोंड जायच्या दिशेला राहील एवढेच बघावे. मारू नये, ओरडू नये, लगाम मागे ओढून टाच पुढे मारू नये. दोन विरुद्ध हुकूम एकदम मिळाले की घोड्याला वर जाण्याशिवाय वाट उरत नाही. त्याला मान खाली घालून बघू द्यावे. घट्ट रोवलेले पाय सुटणे महत्त्वाचे, म्हणून सरळ पुढे जात नसेल तर एक पाऊल बाजूला मागावे. पाऊल पडले की दाब सोडावा, शाबासकी द्यावी, मग पुन्हा पुढे मागावे. तो डावीकडे वळत असेल तर डावीकडूनच पूर्ण फिरवू नये. उजव्या लगामाने परत समोर आणावे. पुढचे पाय उचललेच तर स्वाराने मानेवर झुकावे आणि लगाम सैल सोडावा. त्या क्षणी लगामाला लोंबकळणारा स्वार घोड्याला स्वतःच्या अंगावर पाडून घेतो. धोका वाटला तर उतरावे. उतरण्यात हार नाही, फक्त उतरल्यावर घराकडे वळू नये. दोरी धरून ज्या दिशेला जायचे होते त्या दिशेला दहा-वीस पावले चालत न्यावे, तिथे थांबावे, आणि मग परत फिरावे. जो घोडा वारंवार मागच्या पायांवर उभा राहतो तो नवशिक्याने हाताळू नये. जाणत्या माणसाकडे सोपवावा.

स्वाराच्या भीतीचा प्रश्न उरतो, आणि तो छोटा नाही. स्वीडनमध्ये लिंडा कीलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ मध्ये एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. माणसांनी घोडे ठरलेल्या अंतरावर नेऊन आणायचे होते, काहींनी चालवत, काहींनी स्वार होऊन. चौथ्या फेरीच्या आधी त्यांना सांगितले गेले की या वेळी घोड्याजवळ छत्री उघडली जाईल. छत्री उघडलीच नाही. तरी माणसांच्या हृदयाचे ठोके वाढले आणि त्यांच्याबरोबर घोड्यांचेही वाढले. घोड्याला छत्रीचे काहीच ठाऊक नव्हते. त्याला फक्त माणूस ठाऊक होता. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बर्लिनमध्ये ‘हुशार हान्स’ नावाचा घोडा टाप आपटून गणिते सोडवतो म्हणून गाजला होता. ऑस्कर फुंग्स्ट यांनी १९०७ मध्ये दाखवून दिले की तो समोरच्या माणसाच्या डोक्याची, चेहऱ्याची नकळत झालेली बारीक हालचाल वाचून थांबत होता. एवढे वाचणारा प्राणी ‘आता अडणार’ म्हणून घट्ट झालेली आपली मांडी वाचणार नाही कसा? म्हणून अडायची जागा जवळ आली की नजर घोड्याच्या कानांवर न ठेवता दूरच्या झाडावर ठेवावी, श्वास सावकाश सोडावा, वाटल्यास एखादी अहिराणी ओवी गुणगुणावी. गाणाऱ्या माणसाचा श्वास अडकत नाही, आणि घोड्याला ते पाठीवरून कळते.

माथेरानसारख्या ठिकाणी, जिथे मोटारींना बंदी असल्याने घोड्यांवर वाहतूक चालते, तिथले बरेच घोडे एकामागून एक, ठरलेल्या वाटेने चालतात. वरातीचा घोडा तर आयुष्यभर गर्दीत, बँडच्या आवाजात, मालकाच्या हातातल्या दोरीने चालतो. असे घोडे कामाला उत्तम असतात. पण ते घेऊन कोणी एकट्याने रानात निघाला, तर तो घोड्याकडून पूर्वी कधीच न मागितलेली गोष्ट मागतो आहे, हे त्याने लक्षात ठेवावे.

आणि सोबतीचा खर्च वाचवू नये. दुसरा घोडा परवडत नसेल तर एखादे गाढव, निदान दोन शेळ्या घोड्याच्या नजरेसमोर, वासाच्या अंतरावर असू द्याव्यात. बैलांच्या गोठ्यातही घोडा रमतो, फक्त त्याला कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून बांधू नये. अगाडी-पिछाडीच्या दोऱ्यांत दिवसभर जखडू नये. जो घोडा घरी निवांत असतो तो घर सोडायला घाबरत नाही.

यंदा सारंगखेड्याला घोडा बघायला जाणाऱ्यांना एक विनंती आहे. भोवरे बघा, दात बघा, चाल बघा, नाच बघा. त्यानंतर विकणाऱ्याला म्हणा, “दादा, आता याला यात्रेच्या बाहेर काढा. दुसरा घोडा दिसणार नाही इतक्या लांब, तापीच्या काठाने, एकट्याला.” आपण मागून पायी चालत जा. घोडा कुठे थांबतो, कान कुठे वळतात, विकणारा त्या वेळी हाताने आणि टाचेने काय करतो, ते बघा. तोंड उघडून लगाम कोणता आहे तेही बघा. विकणारा या परीक्षेला तयार नसेल तर दुसऱ्या ठाणाकडे वळा. आणि घोडा थोडा अडला, पण समजावल्यावर निघाला, तर तो जरूर घ्या. येताना त्याच्यासाठी सोबतीची व्यवस्था करूनच गावी आणा.